ओंडक्यावरची वाळू

हिवाळा सरत आला की फिनलंडच्या खेड्यांत घरांच्या कडेला बर्चच्या ओंडक्यांचे ढीग दिसू लागतात. झाड थंडीत पाडायचं, रस चढायच्या आत कापून फोडायचं आणि उन्हाळाभर सुकू द्यायचं, असा तिथला जुना रिवाज. ढिगाच्या वरच्या थरातले ओंडके पांढरेस्वच्छ असतात. खालच्या थराकडे कुणी फारसं बघत नाही. जंगलातून ओढून आणताना लागलेली माती, रस्त्याकडेला उतरवताना चिकटलेली खडी, बर्फावर गाड्या घसरू नयेत म्हणून पसरलेली कच, हे सगळं त्या थरात सालीच्या खाचांत बसून गोठलेलं असतं. जळण कापायचं यंत्र कोणतं घ्यावं, हा प्रश्न माझ्या मते या खालच्या थरापासून सुरू होतो. माहितीपत्रकात मात्र पहिला आकडा असतो तो 'जास्तीत जास्त किती जाडीचा ओंडका' याचा, आणि घेणारा त्या आकड्यावरच भाळतो.

फोडलेल्या जळणाला फिनिश भाषेत 'पिल्के' म्हणतात, बोलीत 'क्लापी'. मीटरभर लांबीच्या फाकीला 'हाल्को'. सुमारे ५५ लाख वस्तीच्या या देशात ३० लाखांच्या आसपास सौना (तापवलेल्या न्हाणीखोल्या) आहेत, म्हणजे जवळजवळ दर दोन माणसांमागे एक. त्यातल्या कित्येक अजून लाकडावर तापतात. त्यामुळे हापायार्वीचं हाक्की पिल्के, यूलिस्तारोचं पालाक्स, लाइतिलाचं यापा अशी जळण-यंत्रं बनवणारी नावं एकट्या या देशातून निघाली, याचं नवल वाटत नाही. यंत्राचं काम सगळीकडे सारखंच. एका बाजूने लांब ओंडका आत सरकतो, २५, ३३ किंवा ५० सेंटिमीटरचा तुकडा कापला जातो, तुकडा खालच्या पन्हळीत पडतो, हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या त्याला पाचरीवर रेटतो आणि फाका पट्ट्यावरून ट्रॉलीत जातात. पाचर दोन फाकांची, चार फाकांची, सहा फाकांची, हवी तशी बदलता येते. फोडणीच्या बाजूला यंत्रायंत्रांत फरक कमी. खरा फरक कापणीत आहे. ती चेनने करायची, गोल पात्याने करायची, की अडकित्त्यासारख्या दाबून चिरणाऱ्या जाड सुरीने?

चेनचा मोठा गुण म्हणजे जागा. हातातल्या चेनसॉसारखाच बार, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी असते, फक्त तो एका बिजागरीवर खाली-वर होतो आणि त्याला हायड्रॉलिक मोटर फिरवते. ४० सेंटिमीटरचा ओंडका कापायला बारची उपयोगी लांबी ४५ सेंटिमीटर असली की भागतं. गोल पात्याचं तसं नाही. पात्याच्या मध्यभागी धुरा असतो, त्यावर दोन्ही बाजूंनी पातं आवळणाऱ्या जाड तबकड्या असतात, आणि ओंडका त्या तबकडीला टेकला की काप संपला. म्हणजे ७० सेंटिमीटरच्या पात्याची त्रिज्या ३५, त्यातून तबकडीचे सहा-सात आणि थोडी मोकळीक वजा केली, तर हाती २५ ते २७ सेंटिमीटर उरतात. ४० सेंटिमीटर जाडीला ९० चं पातंही अपुरंच पडतं. पातं नेहमी जाडीच्या दुपटीहून मोठं लागतं, आणि वजन त्याहून वेगाने वाढतं. ९० सेंटिमीटर व्यासाचं, ५ मिलिमीटर जाडीचं पोलादी पातं सुमारे २५ किलो भरतं. ते मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरत असेल तर दाताच्या टोकाचा वेग सेकंदाला ५६ मीटर होतो, ताशी २०० किलोमीटरच्या पुढे. एवढं फिरतं वजन हाताशी असणं हा पात्याचा मोठा फायदा आहे आणि मोठी जोखीमही. गाठ आली तरी पातं अडखळत नाही, साठलेल्या वेगावर गाठ कापून जातं. पण बटण बंद केल्यावर ते लगेच थांबतही नाही. म्हणून पात्याच्या यंत्राला ब्रेक आहे का आणि पातं पूर्ण थांबायला किती वेळ लागतो, हे विकत घेण्याआधी घड्याळ लावून बघावं.

चिरेत वाया जाणाऱ्या लाकडाबद्दल फार वाद घालतात. तो आकड्यांत मांडला तर बराचसा विरतो. जाड चेन सुमारे ९ मिलिमीटरची चीर पाडते, लहान यंत्राचं गोल पातं ५ ते ६ मिलिमीटरची. ३३ सेंटिमीटरचे तुकडे पाडताना चेनचा भुसा २.७ टक्के, पात्याचा १.८ टक्के. शंभर घनमीटर भरीव लाकडामागे फरक एका घनमीटरच्या आत. २५ सेंटिमीटरच्या तुकड्यांना काप जास्त पडतात, तेव्हा तो जरासा वाढतो, इतकंच. विकायचं जळण करणाऱ्यालाही एवढ्यावरून यंत्र ठरवायचं कारण नाही. भुशाच्या प्रमाणापेक्षा भुशाचा प्रकार महत्त्वाचा. चेनला सतत तेल लागतं आणि ते तेल परत येत नाही, भुशाबरोबर आणि थोडं लाकडाबरोबर निघून जातं. तो भुसा गोठ्यात अंथरायला देता येत नाही. गोल पात्याला तेल लागत नाही, भुसा कोरडा आणि स्वच्छ राहतो. घोडे किंवा गुरं बाळगणाऱ्याच्या हिशेबात हा फरक नक्की धरावा.

तेलाचीच आणखी एक गोष्ट. फिनलंडमध्ये चेनसाठी मोहरीच्या कुळातल्या रिप्सीचं वनस्पती तेल पुष्कळ वापरतात, कारण ते मातीत पडलं तरी कुजून नाहीसं होतं. पण ते महिनोन् महिने बारच्या खाचेत राहिलं तर डिंकासारखं घट्ट होतं. पुढच्या हंगामात चेन फिरत नाही, आणि माणूस मोटर बिघडली असं समजून हायड्रॉलिकची वाट लावतो. हंगाम संपताना टाकीत थोडं खनिज तेल भरून दहा मिनिटं यंत्र चालवलं आणि बार काढून खाच पातळ पत्र्याने खरवडून ठेवली, की हा त्रास होत नाही.

आता त्या वाळूकडे.

चेनचा दात म्हणजे वाकवलेल्या पोलादाचा पातळ पत्रा. धार वरच्या क्रोमच्या थरावर आणि कोपऱ्यावर टिकलेली असते. वाळूचा कण त्या कोपऱ्यावर घासला की क्रोम जातं आणि कोपरा गोल होतो. दिसायला ते एवढंसं असतं, पण तो खराब भाग पूर्ण निघेपर्यंत दात मागे घासावा लागतो, नाहीतर धार लावल्यासारखी वाटते आणि चार ओंडक्यांत जाते. स्वच्छ बर्चवर अर्धा दिवस टिकणारी धार खालच्या थरातल्या एका ओंडक्यावर संपू शकते. बोथट झालेली चेन मात्र जागेवरच पाजता येते. ०.३२५ इंचाच्या (हे कड्यांच्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, ०.४०४ इंचाच्या चेनला ५.५ ची. ३० अंशांचा कोन धरायचा, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात द्यायचे आणि डाव्या-उजव्या दातांची लांबी एक राखायची. दातापुढे एक उंचवटा असतो, दाताने एका वेळी किती खोल चावायचं ते तो ठरवतो. तो दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. दात घासत गेले आणि उंचवट्याकडे लक्ष दिलं नाही, तर चेन चकचकीत धारेची असूनही नुसती लाकडावरून घसरते. उंचवटा जास्त घासला तर ती धसमुसळेपणाने चावते, बार उडतो, आणि चेन तुटायची पाळी येते.

यंत्र स्वतःच आपली तब्येत सांगत असतं, फक्त बघायला हवं. धारदार चेनच्या भुशात जाडसर कीस निघतो. पिठासारखी धूळ दिसली तर काम तिथेच थांबवावं. काप सरळ न जाता एका बाजूला वळत असेल, तर त्या बाजूचे दात लांब किंवा जास्त धारदार आहेत, किंवा बारच्या दोन कडांपैकी एक झिजली आहे. बार दर चेनबदलाला उलटा करून लावला आणि कडेवर आलेली कुसळं सपाट कानशीने काढली, तर झीज दोन्हीकडे वाटली जाते. दोन-तीन चेन झिजल्या की त्यांना फिरवणारा स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाकही बदलावा. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की तो तिला आठवडाभरात आपल्यासारखी करतो. आणि कडाक्याच्या थंडीत एक नियम कधी मोडू नये. काम करताना तापून सैल झाली म्हणून आवळलेली चेन थांबताना पुन्हा सैल करून ठेवायची. नाहीतर रात्री ती आकसते आणि बारवर, मोटरच्या धुऱ्यावर जबर ताण येतो.

गोल पात्याचे दोन प्रकार, आणि त्यांची सरमिसळ करून बोललं जातं तिथेच घोटाळा होतो. साध्या पोलादाच्या पात्याला वाळूचा तोच त्रास होतो, मात्र त्याला यंत्रावरच कानस लावता येते. कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या टिकल्या बसवलेलं पातं वाळूला दाद देत नाही. स्वच्छ लाकडावर ते चेनच्या कितीतरी पट जास्त टिकतं. पण कार्बाइड कडक असतं तितकंच ठिसूळही. कुंपणाच्या जुन्या तारेचा खिळा झाडाने पोटात घेतलेला असेल, किंवा सालीत सुपारीएवढा खडा अडकला असेल, तर टिकली मोडते. एक मोडली की तिच्या मागच्या टिकलीवर दुप्पट भार येतो, मग तीही जाते. मोडलेल्या टिकलीने पुढे कापत राहणारी माणसं पातं घालवतात. टिकल्या घासायला हिऱ्याचं चाक लागतं, नव्या बसवायला झाळकाम लागतं, म्हणजे पातं दुकानात जाणार आणि काही दिवसांनी परत येणार. चेनवाला दुसरी चेन खिशातून काढून दहा मिनिटांत कामाला लागतो. पातंवाल्याकडे दुसरं पातं नसेल तर त्याचा हंगाम थांबतो. म्हणून पात्याच्या यंत्राची किंमत विचारताना दुसऱ्या पात्याची किंमत त्यात धरूनच विचारावी.

पात्याचं आणखी एक दुखणं म्हणजे ताप. बोथट दात कापण्याऐवजी घासतात, कडा तापते, तापलेली कडा फुगते आणि पातं थाळीसारखं वाकू लागतं. मग ते चिरेच्या दोन्ही भिंतींना घासतं आणि आणखी तापतं. पात्याच्या अंगावर निळसर-तपकिरी डाग दिसला की त्याने आतला ताण सोडला आहे असं समजावं. धार लावून ते सुधारत नाही, ठोकून सरळ करणारा जाणकार कारागीर लागतो. दर पंधरवड्याला दोन दातांमधल्या खळग्यांच्या तळाशी बोट फिरवून आणि भिंग लावून तडा शोधावा. केसाएवढा तडाही दिसला तर ते पातं भंगारात द्यावं. इथे काटकसर नको.

चिमटण्याचा प्रश्न दोघांनाही आहे. ओंडक्याला कापाच्या दोन्ही बाजूंनी आधार असेल आणि मध्ये नसेल, तर काप खोल जाताना चीर वरून मिटते आणि करवत अडकते. चेनच्या यंत्रात बार वाकतो किंवा चेन उतरते. पात्याच्या यंत्रात पट्टे घसरून जळका वास येतो. उलट कापायचा तुकडा अधांतरी असेल तर चीर उघडते, पण शेवटचे दोन सेंटिमीटर कापले न जाता फाटतात आणि फाटका तुकडा पन्हळीत तिरका पडतो. तिरका पडलेला तुकडा पाचरीवर आडवा बसला की दट्ट्या थांबतो, आणि माणूस हात घालायला जातो. या यंत्रांवरचे अपघात कापणीपेक्षा अशा अडकलेल्या तुकड्यांशी झटताना जास्त संभवतात. हात घालायच्या आधी यंत्र बंद करायचं, पातं किंवा चेन थांबल्याची खात्री करायची, मग हुकाने तुकडा ओढायचा. चेनचा एक धोका वेगळा सांगायला हवा. ती वेगात तुटली तर सुटलेलं टोक चाबकासारखं फिरतं आणि त्यातली एखादी कडी गोळीसारखी उडू शकते. ती उडते बारच्या रेषेत. त्या रेषेत उभं राहायचं नाही, लहान मुलांना तर अंगणातही त्या बाजूला येऊ द्यायचं नाही, आणि पुढची जाड पारदर्शक ढाल ओरखडे पडून धूसर झाली म्हणून काढून ठेवायची नाही. बदलायची.

तिसरा प्रकार अडकित्त्याचा. सुपारी जशी दाबून कातरतात, तसं हायड्रॉलिकच्या जोराने जाड सुरी ओंडक्यातून खाली उतरते. काही यंत्रांत हीच सुरी त्याच झटक्यात तुकडा फोडतेही. चेन नाही, तेल नाही, भुसा जवळपास नाही, आवाज कमी. वाळूचं भय तर नाहीच. आल्डर, ऐस्पन, बर्च यांच्या ओल्या फांद्या, विरळणीत निघालेली बारीक झाडं, मुठीत मावतील अशा काठ्या, यांसाठी याच्यासारखं यंत्र नाही. चेनखाली बारीक काठ्या गरगर फिरतात, पात्याखाली उडतात, अडकित्त्यात मुकाट चिरल्या जातात. मर्यादा जाडीची. साधारण २० ते २५ सेंटिमीटरपुढे लागणारा दाब आवाक्याबाहेर जातो. वाळलेलं कडक लाकूड चिरलं न जाता ठेचलं जातं. तुकड्यांची टोकं चुरडलेली दिसतात. घरच्या चुलीला त्याने काही बिघडत नाही, दुकानात जाळीच्या पिशवीत विकायचं असेल तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. या यंत्राला मिळतो त्यापेक्षा जास्त मान मिळायला हवा, असं मला वाटतं. ज्याच्याकडे बारीक आणि मातकट लाकूडच जास्त आहे, तो उगाच चेन पाजत बसतो.

वेगाबद्दल विक्रेते खूप बोलतात. २० सेंटिमीटरच्या बर्चला पातं चेनपेक्षा थोडं लवकर उतरतं, हे खरं. पण दट्ट्याला पुढे जाऊन मागे यायला चार-पाच सेकंद लागतात, आणि तोवर कापलेला पुढचा तुकडा वाटच बघत असतो. दिवसभराचं उत्पादन ठरतं ते ओंडके किती सरळ आहेत, ते टेबलावर चढवायला कुणी आहे का आणि ट्रॉली किती वेळाने बदलावी लागते यांवर. वाकड्या ओंडक्यांवर चेन बरी, कारण ओंडका पकडीत थोडा तिरका बसला तरी बार निभावून नेतो. वाकड्या ओंडक्यात पातं चिमटतं.

ताकद कुठून येणार, हेही आधी ठरवावं लागतं. पातं बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरच्या पीटीओवरून, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावरून, पट्ट्यांनी फिरतं. पीटीओ हळू जोडावा, २५ किलोचं पातं एका झटक्यात फिरवायला गेलं की शिअर बोल्ट (जास्त भार आला की मुद्दाम तुटणारा) तुटतो. विजेवरच्या यंत्रात हाच भार मोटरवर येतो. साडेसात किलोवॉटची मोटर ४०० व्होल्टच्या थ्री-फेजवर चालताना जवळजवळ १५ अँपिअर ओढते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. म्हणून आपल्या विहिरीवरच्या मोटरीला असतो तसा स्टार-डेल्टा स्टार्टर तिथेही लागतो. चेनचा भार सुरुवातीला नगण्य, पण तिचं सगळं हायड्रॉलिक तेलावर अवलंबून. उणे २० अंशांत तेल मधासारखं घट्ट होतं आणि चेन पूर्ण वेगाला येत नाही. कमी वेगाची चेन लाकडात घुसवली की ती उतरते. ३२ ग्रेडचं पातळ तेल आणि कामाआधी पंधरा मिनिटं रिकामं यंत्र, एवढ्याने भागतं. घाई करणारा मात्र पंपाचं सील घालवतो.

अटलांटिकपलीकडे गणित थोडं बदलतं. अमेरिका-कॅनडात जळण 'कॉर्ड'च्या मापाने विकतात, म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फुटांची रास, १२८ घनफूट, सुमारे ३.६ घनमीटर. तिथे ओक-मेपलचे जाड ओंडके येतात, तुकडा १६ इंचांचा. व्यावसायिक यंत्रांत ६० इंच व्यासाची, दात बदलता येणारी गोल पातीही दिसतात. बोथट दात उपटून नवा बसवायचा, पातं यंत्रावरच राहतं. वर्षाला हजारो घनमीटर एकाच जाडीचं लाकूड कापणाऱ्याला ते परवडतं. आपल्याकडच्या वखारीतला आरा बघितलेल्या माणसाला वाटेल, पट्टा-करवतच का नको? आरा ओंडका उभा, धाग्याच्या दिशेने चिरण्यासाठी असतो. जळणाला आडवा काप लागतो. दोन्ही कामांना दातांची ठेवण वेगळी लागते.

घरासाठी आणि शेजारच्या दोन-चार घरांसाठी वर्षाला तीस-चाळीस घनमीटर करणाऱ्याला, लाकूड मिळेल तिथून येत असेल तर, मी चेनच सुचवेन. चार चेन फिरत्या ठेवाव्यात आणि त्यातली सगळ्यात जुनी खालच्या थरासाठी राखावी. स्वतःच्या जंगलातलं, बर्फावरून ओढलेलं, २५ सेंटिमीटरच्या आतलं सरळ लाकूड असेल तर कार्बाइडचं पातं घ्यावं. त्याचा भुसाही कामी येतो. आणि कुठलंही घ्या, ढिगाखाली दोन आडवे वासे टाकून ओंडके जमिनीपासून वीतभर वर ठेवा, साल गोठायच्या आत ताठ झाडूने झाडा. दहा मिनिटांच्या या कामाने तासाभराची कानस वाचते.

यंत्र बघायला जाताना विक्रेत्याचे तासलेले ओंडके नकोत, आपले न्यावेत. दोन सगळ्यात जाड, दोन वाकडे, मूठभर काठ्या आणि दोन खालच्या थरातले. काप संपताना शेवटचे दोन सेंटिमीटर कसे जातात ते वाकून बघावं, हातभर उरलेलं शेपूट पकडीत धरता येतं का ते बघावं, आणि पन्हळीत तुकडा सरळ पडतो का तेही. मातीचे दोन ओंडके शेवटी लावावेत. धार गेली की विक्रेत्यालाच म्हणावं, आता चेन बदलून दाखवा. तो किती पाने हाताळतो, किती बोल्ट काढतो आणि त्यातला एखादा भुशात पडून हरवतो का, हे मुकाट्याने बघत उभं राहावं.